राहिलेल्या लेकरांची कार्डं

डोईफोडे सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फजितीची आहे. अध्यापक विद्यालयातून सराव पाठासाठी मी देऊळगाव राजातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर गेले होते. मुलं धडा घडाघडा वाचत होती आणि मी स्वतःवरच खूश होते. निरीक्षणाला आलेले सर शेवटच्या रांगेतल्या दुर्गाशेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी तिच्या पानावर हात ठेवला. पान झाकलं तरी दुर्गा तशीच पुढे वाचत राहिली.

"बाई, लेकरू पाठ म्हणून राह्यलं, वाचून नाही," सर हळूच म्हणाले. "तुम्ही आपलाच आवाज ऐकून राह्यल्या."

विद्यालयात सरांनी एक रीत पाडली होती. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला वाचायला शिकवता न आलेल्या एका मुलाचं नाव कार्डावर लिहायचं आणि ते पुढच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. ते मूल मग त्याचं. काहींना हा अपमान वाटे. सर सांगत, "लेकरू नापास नाही, आपण नापास. तेवढं कबूल करा अन् मग जेवायले बसा."

माझ्या कार्डावर दुर्गाचं नाव होतं. पण प्रवेश आटले, आमची तुकडी शेवटची ठरली आणि विद्यालयाला कुलूप लागलं. कार्ड घ्यायला कुणीच नव्हतं. त्याच वर्षी निवृत्त होणाऱ्या सरांनी आमची सगळी कार्डं गोळा करून खिशात घातली. पुढे कित्येक वर्षं ते सायकलवर त्या मुलांच्या घरी जात आणि अंगणात बसून त्यांना वाचायला शिकवत. भरती झाली नाही, मला नोकरी लागली नाही, तेव्हा ते माझ्याही घरी आले. चहा घेतला, तासभर बसले, पण खोटा धीर दिला नाही. त्याचं मोल मला फार उशिरा कळलं.

दुर्गाचे आईवडील मात्र तिला घेऊन वीटभट्टीवर निघून गेले होते. सर तीनदा जाऊन हात हलवत परत आले.

गेल्या दिवाळीत बसस्टँडवर कडेवर मूल घेतलेली एक तरुणी मला म्हणाली, "बाई, साखरखेर्ड्याची गाडी हेच काय?" पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती. मी हो म्हटलं. तिने मला निरखून पाहिलं.

"तुम्ही आमच्या शाळेत होत्या ना? मी दुर्गा. लय चांगलं शिकवत होत्या तुम्ही."

ती लेकराला घेऊन त्या गाडीत चढली. गाडी निघून गेली.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी डब्यातून ते पिवळं पडलेलं कार्ड काढलं. "हे एक राह्यलंच," एवढंच बोलले. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. त्या दिवशी ते मला फार थकलेले दिसले आणि मला स्वतःची लाज वाटली.

पंचाहत्तरीनिमित्त कुणी शाल आणेल, कुणी श्रीफळ. सरांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, हे माझंही मनापासूनचं मागणं. पण मी काही द्यायला नाही, न्यायला आले आहे. सर, दुर्गाचं कार्ड मला परत द्या. साखरखेर्ड्याच्या गाडीची पाटी मला वाचता येते.