मेंढ्यांचं कुरण आणि बाईचा पाट

अमरावतीच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. इंग्लंडच्या पहिल्या ट्यूडर राजाचा धडा माझ्या आवडीचा. कच्ची लोकर बाहेर धाडण्यापेक्षा देशातच कापड विणा, असं धोरण त्यानं धरलं. कापडाचा व्यापार वाढला, लोकरीला भाव आला आणि जमीनदारांनी पिकाची शेतं मोडून मेंढ्यांची कुरणं केली. हे मी रंगवून सांगे. त्या शेतांवरून हुसकावलेल्या माणसांचा परिच्छेद मात्र घाईनं उरकायचो.

एका उन्हाळ्यात हिवरखेडला घरी गेलो, तर तोच धडा वडिलांपुढे, आमच्या बुवांपुढे, लावला. आमचा भाजीचा मळा होता. म्हटलं, "तिकडं लोकर, तशी आपल्याकडं कपाशी. मोडा हा मळा."

"आन् खाशील काय? सरकी?" वडील म्हणाले. पण शिकलेल्या पोराचा शब्द, मळा मोडला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणायचो, विधवा होऊन माहेरी आली होती. मळ्यातल्या पाण्याच्या पाटाच्या दोन्ही कडांना जे पिकेल ते परतून आलेल्या लेकीचं, ही आमच्या घरची रीत. तिथं ती सांबार म्हणजे कोथिंबीर, अंबाडी लावी, बाजारात स्वतः विकी. कुणापुढं हात पसरणं तिला माहीत नव्हतं. कपाशी पावसावरची. मोट थांबली, पाट बुजला. बाईचं आता काय, हे कुणी विचारलं नाही. मला सुचलं होतं. मी गप्प बसलो.

वर्षभरात ती अकोल्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागली. भेटायला गेलो तर केसांत, भुवयांत कापूस, आणि प्रत्येक वाक्यामागं खोकला.

"बाई, घरी चाल."

"घरी माह्यं काय हाय आता?" ती हसली. "तूच तर बुवाले सांगत होता, मी चुलीपाशी आयकलं. मेंढ्या आल्या म्हणजे माणसाले जागा सोडाच लागते."

"असं काहून बोलतेस?"

"मजाक केली रे. जाय, तुही गाडी सुटन."

मी गेलो. सोमवारी शाळा होती.

पुढच्या हंगामात ती त्या खोकल्यानंच गेली. तेरवीला वडील माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ कपाशीच्या भावाविषयी बोलत राहिले आणि मी हो हो म्हणत राहिलो.