मेव्हण्याचं डोंगरावरचं गाव आणि माझं खळं

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर मंगळवेढ्याच्या आसपास ग्रीस देशातल्या एका डोंगरावरच्या गावाचा इतिहास माहीत नाही, असा माणूस उरला नव्हता. ही सगळी कर्तबगारी माझ्या मेव्हण्याची. बायकोचा हा धाकटा भाऊ तरुणपणी बोटीवर भटारखान्यात होता. तिकडं एकदा बोट बिघडून चार महिने बंदरात पडली, आणि हा वर त्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरी राहिला. चारच महिने, पण तेवढ्यावर त्याचा जन्म भागला. लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन ताटकळायचा आणि हा शेजारच्याला सांगत असायचा, समुद्रातल्या लुटारूंच्या भीतीनं ते लोक डोंगरावर कसे चढले, गल्ल्या वाकड्या का ठेवल्या, घरं एकाच्या डोक्यावर एक कशी बसवली. त्याची एसटी चुकायची, पण लुटारू कधी चुकले नाहीत. एका वर्षी तर तिकडच्या ऑलिव्हसारख्या दिसतात म्हणून त्यानं लिंबोळ्या मिठाच्या पाण्यात चाळीस दिवस मुरवल्या. "दाजी, पयल्यांदा कडू लागतंय, मग लई गोडी लागती," म्हणाला. मला तीन दिवस गूळसुद्धा कडू लागत होता. तो मात्र डोळ्यांत पाणी आणून बरणी संपेपर्यंत खात राहिला.

आमच्या माळाच्या उतारावर आजोबांनी दगडी फरशीचं गोल खळं केलेलं. मधोमध लाकडी तिवडा, त्याला बैल बांधून गोल फिरवायचे आणि ज्वारी मळायची. मळणीयंत्र आलं, तिवडा चुलीत गेला, खळं ओस पडलं. मी ठरवलं, दगड उचकटायचे आणि गोठ्याची भिंत बांधायची. मी एकदा ठरवलं की ठरवलं. मिस्त्रीला सांगून टाकलं, उद्या सकाळी ये.

त्याच दिवशी दुपारी मेव्हणा येऊन खळ्याच्या मधोमध मांडी घालून बसला.

"ऊठ की," मी म्हणालो.

"न्हाय उठत. दाजी, असलंच खळं हाय तितं. असलंच गोल, असलंच उतारावर. आन तुमी ह्येचे दगड म्हशीच्या गोठ्याला लावणार?"

"तितं तरी कोण मळतंय आता?"

"कुणीबी न्हाय. म्या म्हाताऱ्याला इचारलं की, मग ठिवलंय कशाला?"

"तुला रं त्याची भाषा कुठली येत होती?"

"खुणेनं इचारलं. त्यानं चिमूटभर भुस्कट उचललं आन असं वर सोडलं." मेव्हण्यानं हात वर केला. "वाऱ्यानं गेलं की पार बंदराकडं."

"येडा तो आणि येडा तू."

बायको चहा घेऊन आली, ती भावाशेजारी खळ्यातच बसली. "तू पी रं," त्याला म्हणाली, "ह्ये उभंच ऱ्हात्यात."

ऊन उतरलं तसा मेव्हण्याचा आवाजही उतरला. "दाजी, त्ये गाव आता काय मला दिसत न्हाय. गुडघं गेलं. हितं बसलं की तेवढंच वाटतंय, तितं हाय म्हणून."

माघार घ्यायची आमच्या घराण्यात रीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला, त्याला म्हणालो, गोठ्याला विटा बघ. आमच्याकडं बैल काही आता राहिले नाहीत. तरी पहार घेऊन एकटाच खळ्यावर गेलो, मधला मातीनं बुजलेला खड्डा उकरला आणि बाभळीचा नवा तिवडा रोवला.