जॉबकार्डावरचा भास

लोह्याचे निवृत्ती सोनकांबळे मुखेडच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते. फाटकातून बस आत वळली की हे हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे, "हिचा मागचा पाटा गेला." आणि तो गेलेलाच असायचा. अशा माणसाला कुणी कागदावर लिहून दिलं, की तुम्हाला आवाजाचे भास होतात, तर त्याने काय करावं?

त्यांची मुलगी धम्मप्रिया नांदेडला एका बियाणे कंपनीत मॅनेजर, रोज लोह्याहून जाऊन-येऊन. कंपनीने तिला नवी कोरी गाडी दिली, पण लीजवर. मालक पुण्याची कुठलीशी फायनान्स कंपनी, हप्ता भरणार बियाणेवाले, चालवणार धम्मप्रिया, आणि तीन वर्षांनी गाडी परत. तिच्या आईला, चांगुणाबाईंना, हे काही केल्या उमगेना. निवृत्तींनी एका शब्दात उलगडा केला, "मक्त्यानं घेतलीय. रान कसं मक्त्यानं करतेत, तसं."

"मग दुसऱ्याच्या गाडीला माझ्या पैशाचा हार कशाला घातला?" चांगुणाबाई म्हणाल्या.

या मक्त्याची पहिली अट अशी, की बाहेरच्या माणसाने गाडीला पान्हा लावायचा नाही. सारा जन्म ग्रीसमध्ये गेलेल्या माणसाच्या दारात गाडी उभी आणि बॉनेट उघडायचीही चोरी!

पहिल्याच रविवारी मंडळी गाडीतून मुखेडला निघाली, आणि गावाबाहेरच्या गतिरोधकावर निवृत्ती ताठ झाले. "वाजलं. मागून, डावीकडून. कट्."

"कायबी वाजलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. धम्मप्रियाने गाण्याचा आवाज वाढवला.

नांदेडच्या वर्कशॉपने गाडी लिफ्टवर चढवली, कॉम्प्युटर जोडला, एक माणूस एकटाच चक्कर मारून आला. जॉबकार्डावर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' दुसऱ्यांदा गेले तेव्हा लिहिलं, 'ग्राहकास आवाजाचा भास होतो.' फायनान्स कंपनीला फोन केला तर ती म्हणे वर्कशॉपला विचारा, आणि वर्कशॉप म्हणे मालकाला विचारा.

तो 'भास' निवृत्तींच्या जिव्हारी लागला. त्यात धम्मप्रियाने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, मशीन लावा, असं डॉक्टर म्हणाले. चांगुणाबाईंना तर आयतंच कोलीत मिळालं. "मी कोथिंबीर आणा म्हणते ते ऐकू येत न्हाई, अन् गाडीचं कट् तेवढं बरं ऐकू येतं!"

"गाडी कानानं ऐकायची नसती. तळपायानं ऐकायची असती," निवृत्ती म्हणाले. मशीन लावायला त्यांनी साफ नकार दिला. मशीन लावलं की भास कबूल केल्यासारखंच होतं. पण वर्कशॉपपेक्षाही त्यांना लेकीचं जास्त लागलं. लहानपणी डेपोत येऊन 'माझ्या बाबाला सगळं कळतं' म्हणून मिरवणारी पोरगी आता 'वाजलं' म्हटलं की चाकाकडे न बघता त्यांच्या कानाकडे बघायची. त्या बघण्याने त्यांना घास गोड लागेना.

मग एका संध्याकाळी जेवताना चांगुणाबाईच भडकल्या. "मी गाडीत असले की वाजतं म्हणता. ती एकली जाती तवा का वाजत न्हाई? मलाच टोमणा मारून राहिलाव व्हय?"

निवृत्तींचा भाकरीचा हात तसाच थांबला. "तू मागं डाव्या बाजूला बसतीस न्हाई का?"

"मग?"

वजन हा शब्द त्यांच्या ओठावर आला होता, पण चाळीस वर्षांच्या संसाराने तो मागे ढकलला. "काय न्हाई. रविवारी लातूरला जाऊ. साडी बघू. केवळाबाईलाबी घे."

शेजारच्या केवळाबाई अंगापिंडाने चांगुणाबाईंच्या तोडीस तोड होत्या.

लातूरच्या मोठ्या वर्कशॉपला यायला धम्मप्रिया कशीबशी तयार झाली. "पण हे शेवटचं, बाबा. आवाज न्हाई आला तर गुपचूप मशीन लावायचं." निवृत्तींनी मान डोलावली. वाटेत त्यांना आवाज चारदा कळला. बाकीच्यांना गाणं ऐकू येत होतं.

तिथला सुपरवायझर शिवशंकर गाडी लिफ्टवर घ्यायला निघाला, तसे निवृत्ती आडवे गेले. "वर घेऊ नको. चाकं लोंबकळली की ती कशाला बोलंल? अन् ह्या दोघीला खाली उतरवू नको."

"म्हणजे?"

"हलू दे त्यांना."

शिवशंकरने घसा साफ केला. "मावशी, जरा... वरखाली होता का?"

दोघी मागच्या सीटवर वरखाली होऊ लागल्या. पलीकडची गिऱ्हाईकं चहाचे कप घेऊन बघायला आली. चांगुणाबाई लाजून लालेलाल झाल्या. "साडी राहिली बाजूला, मला लातूरला झोके घ्यायला आणलं व्हय?"

निवृत्तींनी पिशवीतून डेपोतला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण गाडीला टेकवला नाही. "मक्त्याची हाय. माझा हात लागायचा न्हाई. तू घे. टोक आत वरच्या लोखंडाला टेकव, मूठ कानाला लाव."

शिवशंकर टाय खांद्यावर टाकून डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसला. वर चांगुणाबाई रागाने धपकन आदळल्या आणि त्याचे डोळे मोठे झाले. "मावशी, अजून एकदा!"

पुन्हा धपकन झालं. तो उठला. "काका, शॉकअपचं वरचं माउंटिंग आहे. वाजतंय की!"

नट आवळून पाहिला, तरी वाजतच राहिलं. आतलं रबरच चिरलेलं निघालं. नवीन पार्ट कंपनीतून येणार, त्याला पुण्याची परवानगी लागणार, म्हणजे महिना तरी गेलाच. शिवशंकर माफी मागू लागला.

"येऊ दे सावकाश. आधी लिही," निवृत्ती म्हणाले.

त्याने जॉबकार्डावर लिहिलं, 'आवाज आहे.'

"शिक्का मार."

परतताना धम्मप्रियाचा हात सवयीने गाण्याकडे गेला आणि मागे आला. चाकूरच्या गतिरोधकावर गाडी बोलली, कट्. "वाजलं!" मागून दोघी एका सुरात ओरडल्या. धम्मप्रियाने वडिलांकडे पाहिलं. कानाकडे नाही, तोंडाकडे. "चुकलं माझं, बाबा."

निवृत्तींनी तोंड बाहेरच्या सोयाबीनकडे वळवलं. मग म्हणाले, "त्या डॉक्टरला फोन कर. शुक्रवारी मशीन बसवून घेतो."

"आता कशाला? आता तर तुम्ही खरे ठरलात!"

"म्हणूनच," त्यांनी शर्टाच्या खिशातला कागद चाचपला. "भास न्हाई हे शिक्क्यानिशी हाय. कमी ऐकू येतं, ते येतंच की."

"कोथिंबीर घ्यायची राहिली," मागून चांगुणाबाई म्हणाल्या. ते निवृत्तींना ऐकू आलं नाही. पुढच्या गतिरोधकावरचं कट् मात्र तळपायाला बरोबर कळलं.