वन्सं आणि निळे हातमोजे

आमच्या वन्संइतकं रबराला ओळखून असलेलं माणूस अख्ख्या माळव्यात सापडायचं नाही. रबर कुठे आहे, कुठे लपून बसलंय आणि कुठे नसूनही असल्याचा आव आणतंय, हे त्यांना दारातूनच कळतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. देवासातल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांतून नणंदेला अजून वन्संच म्हणतात. माझी सून हिंदी शाळेत शिकलेली, तिला पहिल्यांदा ऐकून ते एखाद्या दुकानाचं नाव वाटलं होतं. वन्संनी धारच्या एका इस्पितळात नर्स म्हणून तीसेक वर्षं काढली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं की "ड्यूटी होती" एवढंच सांगतात, जणू मुहूर्ताच्या वेळीच नेमकी सुट्टी नामंजूर झाली होती. त्यांचं वाक्य मराठीत निघतं आणि रागावल्या की मध्येच हिंदी होतं, धारहून देवासला येताना इंदूरला बस बदलावी तसं. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांचे "भिया", म्हणजे भैया. आणि शिस्त अशी की, आमच्या घरी पाहुण्या म्हणून आल्या तरी सकाळी सहाला प्रत्येकाच्या पलंगापाशी उभ्या राहून "पोट साफ?" म्हणून विचारायच्या. माझे यजमान साठीला आलेत, पण त्या प्रश्नाला अजून उठून बसून उत्तर देतात.

अशा बाईंच्या हातांना एकदा खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत लाल झालं, मग मनगटापर्यंत चट्टे उठले, भेगा पडल्या. वन्संनी चौकशी बसवली. पहिला संशय भांड्यांच्या साबणावर गेला. तो हद्दपार झाला. मग वांग्यावर, मग धारच्या पाण्यावर. रविवारी त्या देवासला आल्या की हात आपोआप निवायचे, त्यामुळे "देवासच्या टेकडीवरच्या देवीची कृपा" असा निष्कर्षही एकदा निघाला. सोमवारी परत गेल्या की मंगळवारपर्यंत हात पुन्हा टोमॅटोसारखे. पुढे शिंकाही सुरू झाल्या. वॉर्डात कुणी हातमोज्यांचं नवं खोकं उघडलं की पलीकडच्या टोकाला वन्सं सतरा शिंका द्यायच्या. पण ही गोष्ट त्यांनी इस्पितळात कुणाला सांगितली नाही. दोन वर्षं पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला, मे महिन्यातसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "थंडी वाजते." धारच्या मे महिन्यात थंडी वाजणारी दुसरी बाई झाली नसेल.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत पकडलं. बाह्या वर करायला लावल्या, तपासण्या केल्या आणि सांगितलं की, सिस्टर, तुम्हाला रबराची अ‍ॅलर्जी आहे. हातमोजे रबराच्या झाडाच्या चिकापासून करतात, तो चीक तुमच्या अंगाला सोसत नाही. मोज्यांतली पावडर उडते, तिच्याबरोबर तो श्वासातही जातो. यापुढे मोजे बंद, आणि जपलं नाहीत तर एखाद्या दिवशी श्वासच अडकेल. वन्संनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज सासरहून परत पाठवलेल्या मुलीसारखा लागला होता. "तीस वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला गं," त्या म्हणाल्या, "आता ह्यांना मी चालत नाही!"

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी समजूतदारपणे त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसायला सांगितलं. तिथे ना मोजे, ना रोगी. फाइली लावायच्या आणि घरी जायचं. वन्सं म्हणाल्या, "साहेब, मैंने कागज की सेवा का कोर्स नहीं किया." तरी चार दिवस बसल्या. पाचव्या दिवशी उठून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि रबराशिवायचे हातमोजे जगात असतात की नाही, एवढं विचारलं. असतात, निळे असतात, असं कळल्यावर त्या सरळ स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरचे बाबू म्हणाले, यादीत नाहीत. वन्सं म्हणाल्या, "तो यादी नवी करो, भिया." बाबू म्हणाले, बघू. मग वन्सं रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलासमोर खुर्ची टाकून विणायला बसू लागल्या. बोलायचं काही नाही, नुसतं विणायचं, आणि अधूनमधून चष्म्यावरून बाबूंकडे बघायचं. नवजात बाळांच्या अकरा टोप्या झाल्या तेव्हा बाबूंचा धीर सुटला आणि निळ्या मोज्यांची मागणी वर गेली. मोजे आले आणि वन्सं वॉर्डात परतल्या. तेवढ्याने भागत नव्हतं, कारण बाकीच्यांच्या मोज्यांची पावडर हवेत उडायचीच. पण वन्संच्या हातांकडे बघून हळूहळू त्यांचा सगळा वॉर्डच निळा झाला. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली: "रबर बाहर छोड़कर आइए." एक म्हातारे आजोबा ती वाचून चपला काढून आत आले आणि मग काठीच्या टोकाचं बूच उपटत बसले. वन्संनी त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

इथवर ठीक होतं. पण वन्संना कोणतीही गोष्ट अर्धी करता येत नाही. धारकडच्या बाग गावाहून आलेल्या एका छिपा, म्हणजे कापड छापणाऱ्या, बाईनं बाळंतपणानंतर त्यांना ठशांच्या छपाईची एक लाल-काळी पिशवी दिली होती. तिच्यात निळे मोजे, डॉक्टरांची चिठ्ठी, इंजेक्शनची सुई आणि औषधाची कुपी असा संसार घेऊन त्या हिंडू लागल्या. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीला रबर दिसलं की त्या दोन हात लांब उभ्या राहून "भिया, पहले रबर निकाल" म्हणायच्या. भाजीवाला एकदा म्हणाला, "माताजी, रबर थोड़ी खाना है आपको!" झालं. पाव तास त्याला रबराचं झाड, त्याचा चीक आणि माणसाचं रक्त यांवर व्याख्यान मिळालं. तेव्हापासून वन्सं लांबून येताना दिसल्या की तो जुड्यांना सुतळी बांधायला घेतो. आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या रिंगपासून गरम पाण्याच्या पिशवीपर्यंत झडती झाली. माझ्या यजमानांच्या पायजम्यांतली इलास्टिकं एका दुपारी काढून तिथे नाड्या आल्या. रबराची अ‍ॅलर्जी बहिणीला आणि गाठ सोडवायची धावपळ भावाला. डॉक्टरांनी केळं आणि पपईही जपून, असं सांगितलं होतं. रबर न सोसणाऱ्या काही जणांना त्यांचाही त्रास होतो. त्यामुळे सत्यनारायणाला पंचाईत झाली. वन्संनी पूजा चालू असताना गुरुजींना विचारलं, "प्रसादात केळं आहे?" गुरुजी म्हणाले, "अहो, केळ्यावाचून प्रसाद होतो का?" तर म्हणाल्या, "मग माझ्यापुरतं देवाला तुम्ही समजावून सांगा. तुमची ओळख जास्त." गुरुजींनी काय समजावलं कोण जाणे, पण पुढच्या पूजेपासून साध्या शिऱ्याची एक वाटी वेगळी निघू लागली.

आणि इंजेक्शनचा वर्ग! श्वास अडकलाच तर घरच्या माणसाला सुई टोचता आली पाहिजे, म्हणून वन्संनी एका रविवारी आम्हा सगळ्यांना ओट्यापाशी रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मोसंबं दिलं. यजमान सुई बघूनच दूध आणायला गेले. दूध घरात होतं. मुलाला ऑफिसचा फोन आला. सून पोटुशी, म्हणून तिला माफी. उरले मी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या पोराच्या गुडघ्यावर रक्त दिसलं तर पोराआधी मला बसवावं लागतं. पण वन्संपुढे नाही म्हणायची माझी छाती नव्हती. तीन रविवार मी मोसंबी टोचली. "हात थरथरतो," "बुडबुडा राहिला," "हे मोसंबं मेलं, दुसरं घे," असे शेरे मिळत गेले. एकदाही बरं म्हणाल्या नाहीत.

पुढे माझ्या नातीचा पहिला वाढदिवस आला. घरात फुगे आणायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, सूनबाईंनी कागदी पताका लावल्या होत्या. पण मुलाच्या मित्रांना सांगायचं राहिलं. वन्सं संध्याकाळी पाचच्या सुमारास गच्चीवर आल्या, आणि त्यांच्यामागून मित्रमंडळी फुग्यांचे घोसच्या घोस घेऊन आली. मी "अरे, नको नको" म्हणेपर्यंत पोरांनी ते फोडायला सुरुवात केली होती. दोन मिनिटांत वन्संचे ओठ सुजले, मान लाल झाली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मुलगा गाडी काढायला धावला, यजमान नुसतेच "ताई, ताई" करत उभे राहिले. वन्संनी एक बोट माझ्याकडे केलं आणि मग पिशवीकडे.

मी कुपी पदरात धरून मोडली. औषध ओढलं. वन्संच्या डोळ्यांत मी त्या दिवसापर्यंत भीती पाहिली नव्हती. ती तिथे होती, अगदी साध्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी. आणि त्या तशा अवस्थेतही, एकेक शब्द ओढून काढत त्या म्हणाल्या, "बुडबुडा... काढ." मी काढला. "साडीवरूनच... मांडीत. मोसंबं... समज." मी डोळे उघडे ठेवले आणि टोचलं.

देवासच्या इस्पितळात पोचेपर्यंत शिट्टी थोडी उतरली होती. तिथला माणूस पांढरे मोजे चढवत पुढे आला तेव्हा वन्संनी स्ट्रेचरवरूनच निळी जोडी पिशवीतून उपसून वर धरली. तो म्हणाला, "अम्मा, हाथ नीचे रखो." तेव्हा मी, जी शाळेच्या बैठकीतही कधी तोंड उघडत नाही, एवढ्या मोठ्यानं ओरडले, "भिया, रबर के दस्ताने से हाथ मत लगाना!" की अख्खी रांग वळून बघू लागली. त्यानं निमूट मोजे बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलल्या. "सुई तिरपी घातलीस. सरळ घालायची असते." मी रुसून चहा आणायला गेले. परत आले तर त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "ये मेरी भावज है. इसका हाथ इतना हल्का है, पता ही नहीं चलता." मला बघून त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

वन्सं गेल्या पावसाळ्यानंतर निवृत्त झाल्या आणि देवासला आल्या, आमच्यापासून तीन घरं सोडून. सकाळी सगळ्या गल्लीचं ब्लडप्रेशर बघतात, पोट साफ झालं का विचारतात, आणि दहा वाजेपर्यंत त्यांचं काम संपतं. परवा दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवलेले. मी सहज म्हणाले, "वन्सं, हात किती छान झालेत तुमचे. एकसुद्धा भेग नाही."

त्यांनी हात उलटे-सुलटे करून पाहिले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. "हो," म्हणाल्या, "आता कामच नाही ना त्यांना."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग मी बाही वर केली आणि हात त्यांच्यापुढे धरला. "जरा प्रेशर बघता का माझं?"

"सकाळी बघितलं की."

"परत बघा. मला कसंसंच होतंय."

मला काही होत नव्हतं, आणि तीस वर्षं रोगी पाहिलेल्या बाईला ते कळलं नसेल असं नाही. पण त्या लगेच उठल्या, हात धुऊन आल्या, पिशवीतून बिनरबराचा पट्टा काढून गुंडाळला आणि माझं मनगट बोटांत धरून घड्याळाकडे बघत बसल्या. मिनिट होऊन गेलं तरी त्यांनी ते सोडलं नाही, आणि मीही काढून घेतलं नाही.