आंबिलीतलं मीठ

माझं माहेर लातूरकडचं आन् सासर हसनाबादेजवळच्या खेड्यातलं. राज्य दोन्हीकडं निजामाचंच, पण रीतीभाती निराळ्या. आमच्याकडं येळवशीला, म्हंजे हिवाळ्यातल्या त्या एका अमावस्येला, सगळं गाव रानात जेवायला जातं आन् उभ्या पिकावर आंबील शिंपडतं. आंबील म्हंजे शिजवलेलं ज्वारीचं पीठ, आंबट ताक, लसूण, मीठ. सासरी हे कुणाला ठाऊकच न्हाई. "पिकाला ताक पाजता व्हय तुम्ही?" म्हणून आत्याबाई, माझी सासू, तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मला असा राग आलता! माहेराला कुणी हसलं की मला आजही सोसत न्हाई.

त्या साली पाऊस दसऱ्याच्या आधी गेला तो गेलाच. ज्वारी मागच्या ओलीवर कशीबशी वाढली आन् ऐन पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या टायमाला, जमिनीला भेगा पडल्या. आमचं रान एकच. ते गेलं तर वर्षाची भाकर आन् बैलांचा कडबा, दोन्ही गेलं. दुपारी ज्वारीच्या पानांची सुरळी होते, त्याचं भ्या न्हाई. संध्याकाळी उलगडली की समजायचं, जीव हाय. सकाळीही सुरळीच दिसली तर मंग काही खरं न्हाई. मी रोज उजाडता उजाडता रानात जायची आन् आधी पान पाहायची.

मामा, म्हंजे माझे सासरे, कमी बोलायचे. पेरणीआधी बी गोमूत्रात भिजवून सावलीत वाळवायचा त्यांचा शिरस्ता होता. "भिजलेलं बी तहान सोसतं," म्हणायचे. बराबर होतं त्यांचं. शेजारची ज्वारी पिवळी पडली तरी आमची अजून हिरवी होती. पण किती दिवस? शेवटी मीच धीर केला.

"मामा, आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडून पाहू का? आमच्याकडं येळवशीनंतर पिकाला तेज चढतंय."

आमचे मालक, मामांचे लेक, म्हणले, "पीक काय जेवाय बसलंय का?"

"पाहू की," मामा म्हणले. "खर्चा काय हाय त्यात?"

मामांनी स्वतः रांजणात ताक भरून आठ दिवस आंबवलं. घागरभर पाण्याला एक तांब्या ताक, असं पातळ करून आम्ही लिंबाच्या डहाळीनं खालच्या चार तासांवर, म्हंजे ओळींवर, शिंपडलं. चार दिवसांनी पाहावं तर त्या तासांतली पानं दुपारी बाकीच्यांपेक्षा उशिरा वळायला लागली. मामा दोनदा जाऊन पाहून आले. "बाई, तुझं ताक चाललं," म्हणले. झालं! माझे पाय काही जमिनीवर राहिले न्हाईत. येळवस दोन दिवसांवर आल्ती. मी म्हणले, आता सगळं रान शिंपायचं, आन् तेही आमच्या रीतीनं, आंबील करून. "ताकच बरंय की गं," आत्याबाई म्हणल्या. ऐकते कोण?

अमावस्येच्या सकाळी मामांच्या रांजणातलं ताक घेऊन हंडे भरभरून आंबील केली. घाई होती, हौस होती, आन् माहेर मिरवायचं होतं. हात सवयीनं मिठाच्या मडक्यात गेला, हंड्यागणिक गेला, आन् माझ्या ध्यानातही आलं न्हाई. माहेरी आंबिलीचे चार थेंब उडवून हात जोडायचे आन् उरलेली पिऊन टाकायची. मी मात्र पान न् पान भिजवलं. पाणी लांबून आणावं लागतं म्हणून पातळही केली न्हाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या कडा तपकिरी दिसल्या, तव्यावर भाजल्यागत. पानावर वाळलेला थर मी नखानं खरवडला आन् जिभेवर ठेवला. खारट! मडक्यातलं मीठ आठवलं. सांगायचंच असं ठरवून घरी आले, तर बातमी माझ्या आधीच पोचलेली.

"घ्या, ही हिची येळवस," मालक म्हणले.

आत्याबाई म्हणल्या, "दिष्ट लागली रानाला."

मामा खाली मान घालून म्हणले, "ताकच जास्ती आंबलं आसंल. रांजण मीच भरला होता."

म्हाताऱ्यानं दोष स्वतःवर घेतला आन् मी गप बसले. भाकरी थापत राह्यले. आता सांगते, मंग सांगते करता करता दिवस मावळला. आठवलं की माझी मलाच चीड येते.

दुसऱ्या दिवशी करपा पानाच्या मध्यापर्यंत गेल्ता. मामा बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. "आता कापू. बैलांचं तरी भागंल," म्हणले. कापायचं म्हणल्यावर मात्र माझ्यानं राहवलं न्हाई.

"मामा, आंबिलीत मीठ होतं. मी घातलं."

शेजारी उभे असलेले मालक अंगावर धावूनच आले. मामांनी त्यांना हातानं अडवलं आन् विळा खाली ठेवला. "मीठ आसंल तर धुता येतं. जल्दी घागरी काढा."

विहीर तळाला गेल्ती, त्यात ती प्यायच्या पाण्याची. आत्याबाईंनी घरातला पाण्यानं भरलेला रांजण आधी रिकामा केला. डहाळ्या बुडवून आम्ही चौघं ज्वारीचं ताट न् ताट धूत सुटलो. डोक्याला चुंबळ घासून घासून केस गेले माझे. तीन दिवसांत निम्मं रान झालं. वरच्या निम्म्यात पोहोचलो तर तिथली पोटरी आतल्या आतच वाळलेली. मामा तिथंच खाली बसले. "अजून एक दिवस हाती आसता," म्हणले, "तर हे बी निघालं आसतं."

खालच्या रानाची कणसं बारकी पडली, पण भरली. त्या साली आम्ही भाकर खाल्ली ती त्याच ज्वारीची. पुढं कुणी पाहुणा आला की मामा मला मुद्दाम हाक मारून बोलवायचे आन् सांगायचे, "ही आमची सून. हिनं वेळेवर खरं सांगितलं म्हणून निम्मं रान वाचलं. दुसरी आसती तर लपवलं आसतं." मी पदर सावरायची आन् चहाचं निमित्त करून आत जायची. मामा देवाघरी जाईस्तोवर हेच सांगत राह्यले, आन् मिठाचं मला आदल्या दिवशीच कळलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं न्हाई.