मोरीची चाळण

लेकरांनो, असं लांब का बसलात? या, जवळ सरका. आधी जरा रागावून घेते, मग सांगते. भांडी घासली, कपडे धुतले, की साबणाचं पाणी मोरीत ओतता अन् मोकळे होता. ते पाणी जातं कुठं, हे कधी वाकून बघितलंत का? तुम्हाला तरी काय बोलू, साठी उलटेपर्यंत मीही बघितलं नव्हतं.

आमचं गाव तामलवाडीच्या अंगाला. गल्ली उताराची. खाली ओढा, अन् ओढ्याच्या काठाला आमची विहीर. सगळी गल्ली तिचंच पाणी प्यायची. मग गल्लीत सिमेंटची नाली झाली. दारातला चिखल गेला म्हणून आम्ही खूश! पण नाली उतरली ती थेट ओढ्यात. दोन-तीन वर्षांत ओढा काळा पडला, विहिरीच्या पाण्याला वास सुटला, लेकरांना जुलाब झाले. पंचायतीत ठरलं, दिवाळी झाली की विहीर बुजवायची अन् टँकर लावायचा.

मी तिथंच उठले. "विहिरीनं काय केलंय? घाण आपली, अन् बुजवायचं तिला?"

"मग करा की तुमीच साफ," मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. मी मात्र तेच धरून बसले.

बचत गटाच्या बैठकीला तालुक्याला गेले होते तेव्हा शोषखड्डा बघितला होता. विहिरीपासून लांब, मोरीपाशी कमरेएवढा खड्डा घ्यायचा. मधे भोकं पाडलेलं मडकं, भोवती दगड, मोठे खाली अन् बारीक वर. मोरीचं पाणी मडक्यात पडतं, गाळ तिथंच बसतो, अन् पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. नालीत थेंब जात नाही. झालं! घराघरांतले जुने माठ गोळा केले, भर सकाळी दारात बसले, अन् खिळा-दगड घेऊन भोकं पाडायला लागले.

शेजारची जाऊ धावतच बाहेर आली. "अवो बाई! जित्या माणसांच्या दारात मडक्याला भोकं? कुणाला पोचवायला निघालाव?"

तेव्हा कुठं माझा हात थांबला. आमच्याकडं मडक्याला भोक पाडतात ते मसणातच, खांद्यावर घेऊन चितेला फेरे मारताना. एवढं वय झालं, किती जणांना पोचवलं, अन् हे माझ्या डोक्यात आलंच नाही! संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपापले माठ उचलून नेले.

एकटी समोरची चाची आली. "आमच्यात असलं काय न्हाय गं. पयलं माझ्या दारात बसव." बसवला. आठ दिवस झाले, तिच्या मोरीचा एक थेंब नालीत पडला नाही. पण जाऊ म्हणायची, "चाचीचं जमतंय वो, आपल्यात कसं चालंल?"

मग मी कुंभारणीकडं गेले. तिनं ऐकून घेतलं अन् पोट धरून हसली. "भाजलेल्या मडक्याला कशाला भोसकता? म्या वलं असतानाच भोकं पाडून देते. गळा ठेवत न्हाय, काठ ठेवत न्हाय. त्याला मडकं कोण म्हणंल? चाळण म्हणा, मोरीची चाळण."

चाळण! पीठ चाळायची घरात असतेच की, तिला कोण भितंय? मी पहिली चाळण जावेच्या दारात नेऊन ठेवली. तिनं चारी बाजूंनी फिरवून बघितली, आत हात घातला, नाक मुरडलं, अन् म्हणाली, "ही बरी हाय. पण खड्डा तुमी खांदायचा." खांदला. तिनं दगड दिले, अन् वर कर्दळही लावली.

पावसाळ्यापर्यंत तीन घरं सोडून सगळ्या गल्लीत चाळणी बसल्या. ओढ्याकाठचे उकिरडे वर हलवले. पावसाचं पाणी मात्र चाळणीत मावत नाही, ते सगळी गल्ली धुऊन घेऊन जातं. म्हणून ओढ्याच्या अलीकडं आडवा चर खांदला, त्यात गोटे टाकले, कडेनं गवत लावलं. हस्ताचा पाऊस असा कोसळला, की चर टिकतोय का फुटतोय बघायला मी पोतं पांघरून उभी राहिले. पाणी आलं, चरात थबकलं, पिशव्या अन् कचरा गवताला अडकला, अन् निवळ पाणी पुढं सरकलं. जाऊ गुडघाभर पाण्यात उतरून पिशव्या ओढत मलाच ओरडत होती, "बघत काय उभ्या ऱ्हायलाव? पाटी आणा!"

दिवाळी झाल्यावर पंचायतीची माणसं आली, बाटलीत पाणी भरून तपासायला नेलं. वास गेलाय, पाणी पुष्कळ सुधारलंय, पण प्यायला अजून नाही, असं कळवलं. बुजवायचं मात्र एक वर्ष पुढं ढकललं. जाऊ म्हणाली, "जिंकलो!" मी म्हणाले, "न्हाय, अर्ध्यात आलो." त्या तीन घरांच्या मोऱ्या अजून नालीतच पडतात. त्यातल्या एका घरात रोज जाऊन बसते. चहा मिळतो, होकार मिळत नाही. पण मीही उठत नाही.

तेव्हा तुम्ही या, लवकर या. दोन दिवस मुक्कामाला या. चर अजून रुंद करायचाय; टिकाव-फावडी आमच्याकडं आहेत, खांदायला हात कमी पडतात. भाकरी-पिठलं मी घालते. एक वर्ष म्हणजे काही फार नाही, उशीर करू नका.