धाकट्याचा ओळंबा

धाकट्या,

तुझ्यावर लिहायचं तर सुरुवात कुठून करू? नोकऱ्या सात, आणि एकीतही कायम झाला नाहीस. लोक नोकरी सोडताना निदान एखादं पंचिंग मशीन तरी ढापून आणतात; तू शब्द आणलेस. आणि ते घरभर पसरलेस.

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेस. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते एकदा डोळ्यांत बसल्यावर समोरच्या टेबलावरचा कोणताही उलटा कागद तुला पाटीसारखा वाचता यायला लागला. डॉक्टर लिहीत होते आणि तू पलीकडून माझं दुखणं मोठ्याने वाचून दाखवत होतास. बाहेर बसलेल्या बायांनाही कळलं. शिंप्याकडे दोन वर्षं काढलीस आणि आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत ह्यांना म्हणालास, "भावोजी, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे." तेव्हापासून हे फोटोत तिरके उभे राहतात.

वाण्याच्या दुकानातून 'धडा' आणलास. तेल जोखण्याआधी रिकाम्या बरणीइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं, तो धडा. तू तो माणसांना लावलास. "ताई, साहेब बोलायला लागले की आधी खुर्चीचा धडा करायचा. मग उरेल ते साहेबांचं." बहुतेक वेळा काही उरायचं नाही, हे मलाही मान्य आहे.

गवंड्याच्या हाताखालून ओळंबा आणलास. दोरीला वजन बांधून भिंतीशी सोडायचं. दोरी सरळच राहते, भिंत सरळ नसली तर ती उघडी पडते. तुझी बायको रडकुंडीला आली होती. "वन्सं, ह्यांना घरात एक वस्तू सरळ दिसेल तर शपथ! काल कपाटाखाली पुठ्ठे घातले. आता दार उघडलं की आपलं आपणच मिटतं."

पन्नाशी गाठलीस, लेकीचं शिक्षण अर्ध्यावर, तेवढ्यात आमच्या कॉलेजात भांडारपालाची जागा निघाली. कायमची. तिथे तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली मी, प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि तुला बजावलं, "हे शेवटचं. विचारतील तेवढंच बोल."

मुलाखत नव्या भांडारातच होती. प्राचार्यांनी विचारलं, "नवं भांडार कसं वाटतंय?" झालं! तू बुटाची नाडी सोडलीस, तिला किल्ल्यांचा जुडगा बांधलास आणि खुर्चीवर चढून भिंतीशी सोडलास. "खाली तीन बोटं फट आहे, साहेब. भिंत आत झुकलीय." इमारत प्राचार्यांच्या मेहुण्याने बांधली होती.

नकार आला. शेरा : 'उमेदवाराचे वर्तन असंबद्ध.'

महिनाभर मी तुला फैलावर घेत होते. "एक दिवस, फक्त एक दिवस जीभ आवरली असतीस तर काय बिघडलं असतं?" तू ऐकून घेत राहिलास. शेवटी म्हणालास, "अगं ताई, आत बसलो तेव्हाच त्यांच्यापुढचा कागद वाचला. निवड झालेल्याचं नाव टाइप केलेलं, खाली तिघांच्या सह्या. बाहेर अजून चार जण बसले होते. म्हटलं, जागा तर गेलीच, भिंतीचं तरी सांगून जाऊ."



"संस्थेच्या अध्यक्षांना तू ओळखतेस," तू म्हणालास. "एवढंच सांग, निवड आधीच ठरली होती. मुलाखती पुन्हा घ्या म्हणावं. माझं कोण ऐकणार?"

"उद्याच जाते," मी म्हटलं.

अध्यक्षांचं घर माझ्या घरापासून दोन वळणांवर. पहिल्या दिवशी गुडघा दुखला. दुसऱ्या दिवशी ते बाहेरगावी असतील असं माझं मीच ठरवलं. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांचं निमंत्रण आलं : बक्षीस समारंभ, प्रमुख पाहुण्या म्हणून यावं. गेले. 'निर्भीडपणा' या विषयावर वीस मिनिटं बोलले, टाळ्याही बऱ्या पडल्या. अध्यक्ष माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते, हातभर अंतरावर. मी त्यांच्याकडे वाकून म्हटलं, "पंखा जरा कमी करायला सांगता का?"

त्यांनी लगेच सांगितलं.